शंभर किलोमीटर सायकल, दीड किलोमीटरला धाप

"मॅडम, मला नक्की काहीतरी झालंय. तेवढं शोधून द्या," असं म्हणत हे गृहस्थ समोर बसले. हातात फाइल. फाइलमध्ये ईसीजी, टू-डी इको, स्ट्रेस टेस्ट, हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड. सगळं नॉर्मल. इतकी जाड फाइल घेऊन इतका धडधाकट माणूस माझ्याकडे क्वचितच येतो.

वय ४१, उंची ५ फूट १० इंच, वजन ८४ किलो. सहा वर्षांपासून सायकल, आठवड्याला १३० ते १५० किलोमीटर, महिन्यातून एकदा शंभरी. आठवड्यातून दोनदा जिम, १०० किलोचा स्क्वॉट पाच वेळा. सकाळी उठल्या-उठल्या नाडी ५४. आणि तक्रार अशी, की पळायला गेलं की दीड किलोमीटरच्या आत धाप लागते, नडग्या भरून येतात, उजव्या कुशीत कळ येते आणि थांबावं लागतं. तीन वर्षांत चार वेळा पळणं सुरू केलं होतं आणि चारही वेळा तिसरा आठवडा काही उलटला नव्हता. त्यात त्यांचा मेव्हणा. वयाने दहा वर्षांनी मोठा, पोट सुटलेला, आणि रोज सकाळी गप्पा मारत आठ किलोमीटर पळून येणारा. खरं दुखणं तिथे होतं.

(ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांना विचारूनच लिहिते आहे.)

मी आधी नेहमीचे प्रश्न विचारले. पळताना छातीत दुखतं का, कधी चक्कर येऊन पडलात का, ठोके मध्येच चुकल्यासारखे वाटतात का, घरात कोणी तरुणपणी अचानक गेलंय का? पळून थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी खोकला किंवा छातीत शीळ? हा शेवटचा प्रश्न हटकून विचारावा, कारण फक्त व्यायामाने उठणारा दमा बऱ्याचदा 'स्टॅमिना नाही' या नावाखाली वर्षानुवर्षं खपून जातो. सगळ्याचं उत्तर नाही. यातलं एकही हो असतं तर मी त्यांना मैदानावर नेलंच नसतं, आधी डॉक्टरांकडे परत पाठवलं असतं.

फाइलमधला एक कागद मात्र मी दोनदा वाचला, तो म्हणजे स्ट्रेस टेस्टचा. ही चाचणी ब्रूस पद्धतीची होती: दर तीन मिनिटांनी ट्रेडमिलच्या पट्ट्याचा वेगही वाढतो आणि चढही. चौथ्या टप्प्यात वेग ताशी ६.८ किलोमीटर असतो आणि चढ १६ टक्के. ते १२ मिनिटं पार करून पाचव्या टप्प्यात शिरले होते. चाळिशीतल्या माणसासाठी उत्तमच. पण ती १२ मिनिटं जवळपास सगळी चालण्यात जातात, तीही चांगल्या खड्या चढावर. काम मांड्यांचं आणि नितंबांचं, आणि पाऊल हवेतून येऊन आदळण्याचा प्रश्नच फारसा नाही. सायकलवाल्यासाठी यापेक्षा सोपा पेपर काढता आला नसता. ते म्हणत होते, "ट्रेडमिलवर मी पास झालो की!" झाले होतेच, फक्त विषय वेगळा होता.

मैदानावर

दुसऱ्या भेटीत त्यांना ४०० मीटरच्या ट्रॅकवर नेलं आणि सांगितलं, नेहमी पळता तसं पळा. सुधारू नका, मला दाखवायला म्हणून काही करू नका.

पहिली फेरी २ मिनिटं ४ सेकंदांत. म्हणजे किलोमीटरला सव्वापाच मिनिटांच्याही आत. हा वेग नियमित पळणारी पुष्कळ मंडळीसुद्धा शर्यतीसाठी राखून ठेवतात. फेरी संपताना ठोके १६४, दुसऱ्या फेरीअखेर १७६, आणि १.३ किलोमीटरला १८६ वर ते गुडघ्यांवर हात ठेवून वाकले. मनगटावरचं घड्याळ लाल होऊन ओरडत होतं. त्यात कमाल ठोके २२० वजा वय या सूत्राने १७९ भरलेले होते, त्यामुळे घड्याळाच्या हिशेबाने हा माणूस १०४ टक्क्यांवर होता. ते सूत्र सरासरीचं आहे. एकेका माणसाच्या बाबतीत दहा-बारा ठोके इकडेतिकडे सहज होतात. शिवाय सायकलवर जितके ठोके गाठता येतात त्यापेक्षा पळताना बऱ्याच जणांचे थोडे जास्तच जातात. ठोक्यांचे सोपे-अवघड टप्पे, म्हणजे 'झोन'बिन, सगळं त्या १७९ वर बेतलेलं, म्हणून पळायला लागल्यापासून त्यांना आपण मरणाच्या दारात आहोत असंच वाटत आलेलं. घड्याळ काढून खिशात ठेवायला लावलं.

पण माझं लक्ष आकड्यांपेक्षा आवाजाकडे होतं. ते समोरच्या वळणावर असतानाही पावलं ऐकू येत होती. धप्प, धप्प, ओली गोणी टाकावी तशी. फोनवर बाजूने स्लो मोशनमध्ये चित्रण केलं. टाच गुडघ्याच्या बरीच पुढे पडत होती, पडताना गुडघा जवळजवळ ताठ, खांदे कानांपर्यंत चढलेले. मिनिटाला १५२ पावलं, प्रत्येक पाऊल सव्वा मीटरचं. प्रत्येक पावलाला थोडा ब्रेक दाबायचा आणि मग पुन्हा रेटायचं, असा तो प्रकार होता.

कुशीतली कळ लगेच निकालात निघाली. पळण्याआधी अर्धा लिटर पाणी गटागट पिण्याची सवय होती. ती मोडली, कळ गेली.

मग भिंतीपाशी नेलं. दोन बोटं भिंतीला टेकवून, एका पायावर उभं राहून, गुडघा सरळ ठेवून टाच पूर्ण वर उचलायची आणि सावकाश खाली आणायची. साधारण २५ जमल्या तर पोटरी ठीक आहे असं आम्ही धरतो. उजव्या पायावर १४ झाल्या. डाव्या पायावर आठवीलाच टाच अर्ध्यावर येऊ लागली आणि अकरावीला पोटरी शिवणयंत्रासारखी थरथरायला लागली. तेही आपल्या पायाकडे परक्यासारखं पाहत होते. "हे काय मॅडम? मी शंभर किलो घेऊन बसतो-उठतो!"

बसता-उठता, पण दोन पायांवर, सावकाश, टाचा जमिनीला चिकटवून. पळताना प्रत्येक पाऊल एकाच पायावर पडतं, जमिनीवर जेमतेम पाव सेकंद असतं आणि जमिनीकडून वजनाच्या दोन-अडीच पट धक्का येतो. पोटरीच्या आत सोलियस नावाचा चपटा, न मिरवणारा स्नायू असतो. पळताना त्याच्यावरचा ताण वजनाच्या सहा ते आठ पट भरतो. ८४ किलोच्या माणसाला म्हणजे दर पावलाला अर्धा टन, आणि किलोमीटरला एकेका पायाची चारशेच्या आसपास पावलं. सायकलवर यातलं काहीच नसतं. वजन सीट उचलते, पाऊल पेडलवरून सुटत नाही, घोटा जेमतेम हलतो. स्नायू फक्त आखडत ढकलतो, झेलायचं काम त्याला कधी पडतच नाही. पळणं मात्र अर्धंअधिक झेलणंच आहे: पोटरी आणि तिला टाचेशी जोडणारी दोरी, म्हणजे अकिलिस टेंडन, स्प्रिंगसारखे ताणले जातात आणि तीच ताकद पुढच्या पावलाला परत देतात. स्प्रिंग ढिली असेल तर तेवढं काम स्नायूला नव्याने करावं लागतं आणि त्याचं बिल फुप्फुसांकडे येतं.

"पण माझं हृदय तर चांगलं आहे ना?" आहे की. हृदय सायकलवर आणि मैदानावर एकच असतं, त्याने कमावलेलं दोन्हीकडे चालतं. पण ऑक्सिजन वापरणाऱ्या पेशींमधल्या भट्ट्या आणि त्यांना रक्त पोचवणाऱ्या बारीक केशवाहिन्या वाढतात त्या ज्या स्नायूंनी काम केलं त्यांच्यातच. यांच्या मांड्यांमध्ये त्या भरपूर, पोटऱ्यांमध्ये यथातथा. माल दारापर्यंत वेळेवर येतोय, घ्यायला घरात कोणी नाही.

आणखी एक गोष्ट मला त्यांच्या सायकलच्या मीटरवरून कळली. शंभर किलोमीटरच्या फेरीत सुमारे पाचवा हिस्सा वेळ पाय फिरतच नव्हते. उतार, वळणं, पुढच्या सायकलच्या आडोशाने मिळणारा आराम. पळताना असा फुकटचा आराम नसतो. किलोमीटरला, किलोमागे सुमारे एक किलोकॅलरी हा पळण्याचा ठोकळ दर आहे आणि वेग कमी-जास्त केला तरी तो फारसा हलत नाही. म्हणजे यांना किलोमीटरला ८४. सव्वापाच मिनिटांत एवढे जाळायचे तर मिनिटाला १६. सपाट रस्त्यावर रमतगमत सायकल चालवताना त्यांना मिनिटाला नऊ-दहा लागत असतील. म्हणजे 'सायकलवर तासन्‌तास आणि पळताना सात मिनिटं' ही तुलनाच मुळात दोन वेगळ्या वेगांची होती.

हे ऐकूनही त्यांचा चेहरा पडलेलाच होता, म्हणून लान्स आर्मस्ट्राँगचं उदाहरण दिलं. टूर द फ्रान्सची त्याची सात विजेतेपदं पुढे २०१२ साली डोपिंगपायी काढून घेतली गेली, ते असो. पण सायकलवर त्याच्या दमाबद्दल कोणाला शंका नव्हती. २००६ साली तो न्यू यॉर्क मॅरेथॉन पळाला, २ तास ५९ मिनिटं ३६ सेकंद, आणि नंतर म्हणाला की शरीराने केलेलं हे आपलं सगळ्यात अवघड काम. "मग माझं ठीकच आहे म्हणायचं," असं म्हणून ते पहिल्यांदा हसले.

माझं चुकलं ते

इथपर्यंत निदान बरोबर होतं, औषध चुकलं. मी सांगितलं ते सगळेच सांगतात: सावकाश पळा, इतकं सावकाश की बोलता आलं पाहिजे. आज्ञाधारक माणूस. दोन आठवडे त्यांनी किलोमीटरला सव्वानऊ मिनिटांनी, म्हणजे ताशी साडेसहा किलोमीटरने पळून दाखवलं. ठोके तरीही १५८. पोटऱ्या आधीपेक्षा जास्त दुखायला लागल्या. आणि दुसऱ्या शनिवारी ते वैतागून म्हणाले, "मॅडम, यापेक्षा मी चालतो!"

मी आधी हसले. मग लक्षात आलं की गृहस्थ अगदी बरोबर बोलतायत. ताशी सात-साडेसातच्या आसपास एक उंबरठा असतो. त्याच्या वर पळणं स्वस्त, खाली चालणं स्वस्त. शरीर आपलं आपण तिथे चाल बदलतं. मी त्यांना त्या उंबरठ्याच्या खाली पळायला लावत होते, म्हणजे जागच्या जागी उड्या मारत पुढे सरकायला. मुरलेल्या धावपटूला 'सावकाश' म्हटलं की तो किलोमीटरला साडेसहा मिनिटांवर येतो आणि तिथे त्याचे ठोके १३० असतात. यांच्या बाबतीत सावकाश पळण्याची जागाच शिल्लक नव्हती. सायकलच्या भाषेत, खालचा गिअर बसवलेलाच नव्हता आणि मी तो टाका म्हणून ओरडत होते. 'बोलता आलं पाहिजे' ही कसोटी चांगली आहे, पण नवख्याला ती फक्त पळून पार करता येतेच असं नाही. ती चालण्याच्या मदतीने पार करायची असते. दोन आठवडे माझ्यामुळे फुकट गेले.

पेडलचा ठेका

पुढची युक्ती मात्र त्यांच्याच मीटरमध्ये सापडली. सायकलवर त्यांचा पेडल फिरवण्याचा दर मिनिटाला ८६. पेडलच्या एका फेऱ्यात दोन्ही पाय एकेकदा खाली येतात, म्हणजे हिशेबाने १७२ पावलं. जो माणूस पळताना १५२ वर धपधपत होता, त्याच्या पायांना त्याहून कितीतरी जलद ठेका सहा वर्षं पाठ होता. फक्त तो ठेका इथे वापरायचा असतो हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मी म्हणाले, "वेग विसरा. सपाट रस्त्यावर हलक्या गिअरला पाय फिरवता तसे फिरवा, पाऊल लहान."

एक मिनिट पळाले. मोजली तर १६६ पावलं. टाच आता गुडघ्याच्या जवळजवळ खाली पडत होती आणि आवाज निम्मा झाला होता. "एवढंच?" असं म्हणून ते माझ्याकडे बघत राहिले.

मिनिटाला १८० पावलं हवीत, हा पळणाऱ्यांमधला मंत्र मी जपत नाही. जॅक डॅनियल्स या प्रशिक्षकाने १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये धावपटूंची पावलं मोजली, तिथून तो आकडा निघाला. ते जगातले निवडक धावपटू होते आणि शर्यत पळत होते. साध्या माणसाने आपल्या नेहमीच्या दरात पाच-दहा टक्के भर घातली की गुडघ्यावरचा आणि कमरेच्या सांध्यावरचा ताण उतरतो, इतपत खरं.

मग वेळापत्रक केलं. एक मिनिट पळणं, दोन मिनिटं झपाझप चालणं, अशा आठ फेऱ्या. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस मोकळा. कागद बघून त्यांना अपमान झाल्यासारखं वाटलं. १९९६ साली जॉश क्लार्कने नवख्यांसाठी काढलेला 'काउच टू फाइव्ह के', म्हणजे सोफ्यावरून उठून ५ किलोमीटरपर्यंत नेणारा नऊ आठवड्यांचा कार्यक्रम, त्यांना माहीत होता. त्यात पहिल्या आठवड्यात ६० सेकंद पळणं आणि ९० सेकंद चालणं असतं. "मॅडम, ते सोफ्यावरच्या माणसांसाठी आहे. तुम्ही तर मला त्याच्याही खाली बसवलंत."

"तुमच्या पोटऱ्या सोफ्यावरच आहेत," मी म्हणाले. कागद घडी घालून खिशात गेला.

टाच उचलणं आठवड्यातून तीनदा, एकदा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा वाकवून, कारण वाकवल्यावर भार सोलियसवर जातो. खाली येताना मनात तीनपर्यंत मोजायचं. चौथ्या आठवड्यापासून हातात डंबेल. सायकल दोन दिवस, स्क्वॉट चालू. बुटांबद्दल त्यांनी बरेच प्रश्न विचारले. पायाला जे पहिल्या पावलापासून आरामाचे वाटतात ते घ्या, यापलीकडे माझ्याकडे सांगण्यासारखं नव्हतं. नाकाने श्वास घ्यायचा की तोंडाने, याला 'जिथून येईल तिथून' एवढंच उत्तर दिलं.

पाचवा आठवडा

चौथ्या आठवड्याअखेर ते तीन मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं इथवर आले होते. ठोके १५०च्या आत-बाहेर. आणि मग एका रविवारी फोटो आला: ऑफिसच्या लोकांबरोबर ५ किलोमीटर, न थांबता, २७ मिनिटं ४० सेकंद. खाली दोन अंगठे. मी अभिनंदन केलं नाही, ते त्यांना लागलं असणार.

मंगळवारी फोन. "नडगी ठणकतेय." तपासलं तर डाव्या नडगीच्या आतल्या कडेने, घोट्याच्या वर, चार बोटांहून थोडा लांब पट्टा दाबल्यावर दुखत होता. चालू लागल्यावर कमी व्हायचं, रात्री दुखत नव्हतं, त्या पायावर लंगडी घालता येत होती. दुखणं एका बोटाच्या टोकाएवढ्या जागी एकवटलं असतं, रात्री झोपमोड करत असतं, तर हाडाला बारीक चीर असल्याचा संशय घेऊन मी लगेच पुढच्या तपासणीला पाठवलं असतं. हे त्याच्या आधीचं ठाणं होतं, ज्याला पळणारे शिन स्प्लिंट म्हणतात.

हाडाचं गणित सगळ्यात संथ. नवा भार पडला की शरीर आधी जुनं हाड खरवडतं, त्याला तीनेक आठवडे लागतात. मग त्या जागी नवं भरतं, त्याला तीनेक महिने. मधल्या काळात तो भाग आधीपेक्षा कच्चाच असतो. टेंडनही महिन्यांच्या हिशेबाने चालतं. हृदय मात्र काही आठवड्यांत तयार होतं, आणि यांचं तर सहा वर्षं तयारच होतं. खऱ्याखुऱ्या सोफ्यावरच्या माणसाला अशी चूक करताच येत नाही, नडगीवर वेळ येण्याआधीच त्याची धाप त्याला थांबवते. यांना थांबवणारं कोणी नव्हतं. आधीच्या चार प्रयत्नांत नडग्या का भरून येत होत्या आणि तिसरा आठवडा का उलटत नव्हता, ते मला या रविवारनंतर नीट उमगलं. त्यांनी मेव्हण्यालाही विचारून घेतलं होतं म्हणे. तो सात वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं म्हणून चालायला लागला, चालता चालता कधीतरी पळायला लागला, आणि अजूनही किलोमीटरला आठ मिनिटं घेतो.

बारा दिवस पळणं बंद, सायकल चालू. तेराव्या दिवशी पुन्हा एक मिनिट, दोन मिनिटं. या वेळी त्यांनी कागदाकडे बघून तोंड वाकडं केलं नाही.

सतरावा आठवडा

आता ५ किलोमीटर ३४ मिनिटांत, मध्ये दोनदा मिनिटभर चालून. सरासरी ठोके १५४, पावलं १६६. बारा मिनिटांपर्यंत गप्पा मारता येतात, त्यानंतर वाक्यं तुटायला लागतात. सायकलवर काही फरक पडला नाही, ना चांगला ना वाईट.

"पण मॅडम, खरं सांगू? मला अजून आवडत नाही," ते म्हणाले. नाही आवडलं तर नाही. सायकल, पोहणं, जिम एवढ्यावर हृदय आयुष्यभर खूश राहील, त्यासाठी पळायलाच हवं असं मी कोणाला सांगत नाही. एक बाजू तेवढी मांडली: सायकलवर हाडांना भारच पडत नाही, आणि केवळ सायकलवर वर्षं काढणाऱ्यांमध्ये कमरेच्या मणक्यांची घनता कमी भरल्याचं बऱ्याचदा दिसतं. चाळिशीनंतर थोडी आदळआपट हाडांना हवीच असते, मग ती दोरीच्या उड्यांची का असेना. त्यांनी विचार करून आठवड्यातून दोन दिवस, २५ मिनिटं एवढं कबूल केलं. शर्यत नाही, फोटो नाही.

परवा ट्रॅकवर मी दुसऱ्या कोणाचे तरी ठोके टिपून घेत उभी होते. बाजूने कोणीतरी "मॅडम, सकाळ!" म्हणत पुढे गेलं आणि मी दचकले, कारण मागून येताना काहीच ऐकू आलं नव्हतं. उजव्या पायावर टाच उचलणं २४ झालंय. डावा अजून १९ वर अडलाय.